आमच्यानंतर कोण?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित सभेतील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करण्यासाठी आज आपण एकत्र आलो आहोत. या मंगल प्रसंगी, ज्या विषयावर आपल्या घराघरांत मौन पाळले जाते, तो विषय मांडण्याची अनुमती मी आपणाकडे मागतो.

स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार बहुधा तारुण्यातच सुरू होतात. औषधोपचाराने अनेकांना चांगला आराम पडतो. काहींना मात्र दीर्घकाळ कोणाच्या तरी आधाराची गरज भासते. हा आधार बहुतेक वेळा आईवडीलच देतात. मुलगा पंचेचाळिशीत पोहोचतो, आई सत्तरी ओलांडते, आणि तिच्या मनात एकच प्रश्न घर करून राहतो : आमच्यानंतर कोण? धाकटीचे लग्न अडू नये म्हणून आजार लपविलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न ती कोणाला विचारूही शकत नाही.

याचे उत्तर समाजाने दिले नाही, तर काय घडते? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य झाला आहे. उपचारांच्या निर्णयात साहाय्य करणारा प्रतिनिधी प्रत्येक सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, स्वाक्षरी किंवा अंगठा करून नेमू शकते. त्या प्रतिनिधीची लेखी संमती मात्र हवी.

मालमत्तेची व्यवस्था या अधिनियमात नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यासाठी मृत्युपत्र, खासगी न्यास, किंवा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्व, असे मार्ग आहेत. मर्यादित पालक ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून काम करतो. पालकत्व ही मालकी नव्हे, हेच त्याचे मर्म होय.

परंतु कागद माणसाला वेळेवर औषध देत नाही. तेथे समाजाचे काम सुरू होते. मी तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, समाजातील वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांनी महिन्यातून एक दिवस अशा कुटुंबांसाठी द्यावा. दिव्यांगत्वाचा दाखला, प्रतिनिधीची नेमणूक व मृत्युपत्र ही कामे आईवडील हयात असतानाच पूर्ण व्हावीत. पैशाचा हिशेब आणि माणसाची देखभाल एकाच्याच हाती असू नये.

दुसरी, प्रत्येक कुटुंबामागे दोन-तीन जणांनी जबाबदारी घ्यावी : आठवड्यातून एकदा भेट, औषधांची विचारपूस, दवाखान्यात सोबत. ओळख आजच व्हायला हवी. आई गेल्यानंतर दारात उभा राहणारा माणूस त्या मुलाला परका वाटू नये.

तिसरी, आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या व दुकाने आहेत. तेथे झेपेल असे दोन तासांचे काम आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. उपकाराच्या भावनेने दिलेले काम फार दिवस टिकत नाही.

तातडीच्या सल्ल्यासाठी १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक आपल्या सूचनाफलकावर कायमचा लावावा.

मुक्या जीवांसाठी पांजरपोळ उभारणारा हा समाज आहे. आपल्याच घरात अबोल झालेल्या माणसासाठी तो मागे राहणार नाही, असा मला विश्वास वाटतो. पुढील पन्नास वर्षांच्या कार्यास या संकल्पाने प्रारंभ व्हावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र!