लेकरं आवडतात, एवढं पुरत नाही

(आकाशवाणीवरील भाषण)

'लहान मुलांची शिक्षिका व्हावंसं का वाटतं?' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. मिनिटं मोजकी आहेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

पडेगावात बालवाडी चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता नव्या ताईंच्या शिबिरांत शिकवायला जाते. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारते, "बाई, तू इकडे का आलीस?" बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "मला लेकरं खूप आवडतात." हे सांगताना चेहरा कसा फुललेला असतो! एखादी मात्र दबकत सांगते, "मॅडम, बारावी झालीय, अंगणवाडी घराजवळ आहे, दुपारपर्यंत मोकळी होते, चार पैसे हातात येतात." आणि मान खाली घालते.

मुली, तू मान खाली घालू नकोस. चार पैशांसाठी काम करण्यात लाजण्यासारखं काय आहे? सेविका त्याच वस्तीतली असावी ही तर सरकारचीच अट आहे. मला काळजी वाटते ती पहिलीची. लेकरं आवडतात म्हणून जी येते ना, तिची.

का ते सांगते. न्हाऊमाखू घातलेलं, काजळतीट लावलेलं, हसरं लेकरू कुणाला आवडत नाही? रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा त्याचा गालगुच्चा घेतो. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात खोलीभर लेकरं एका सुरात रडायला लागतात, एकाची चड्डी ओली, दुसऱ्यानं तिसरीला चावा घेतलेला, चौथा दार उघडून थेट दौलताबादच्या रस्त्याकडे निघालेला, तेव्हा ते आवडणं कुठवर टिकतं? दिवाळीपर्यंत ती ताई चिडचिडी होते. लेकरू गोड वागलं तर तिचं, हट्ट केला तर आईकडे तक्रार. आवडणं खरंच होतं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. ते पुरलं नाही, एवढंच.

मग पुरतं काय? हे लेकरू आत्ता, या घटकेला नेमकं काय करतंय, ते बघण्याची ओढ. पुन्हा सांगते, कारण हे वाक्य ऐकून लोक मान डोलावतात आणि विसरतात. लेकरू काय करतंय ते बघण्याची ओढ. ज्या ताईला ही लागली ती टिकली, मग ती पैशांसाठी आलेली असो की आवडीनं.

एक उदाहरण देते. आमच्या वस्तीत कुणाचा बाप वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये, कुणाची आई छावणीत घरकामाला. लेकरं घरून मराठी घेऊन येतात, दखनी घेऊन येतात, लमाणी घेऊन येतात. त्यात एक चार वर्षांचा मुलगा होता. वर्गात बसायचाच नाही. ताई गाणं सुरू करायची आणि हा उठून दारात. मदतनीस बाई त्याला दंडाला धरून आत आणायची, हा पुन्हा बाहेर. सगळे म्हणाले, पोरगं अडाणी आहे, याचं लक्षच लागत नाही.

एक दिवस त्या ताईनं त्याला आणायला सांगितलं नाही. गाणं चालू ठेवून ती स्वतः दाराशी जाऊन बसली आणि बघत राहिली. तो काय करत होता? बाहेर चपलांचा ढीग पडलेला होता. त्यातली एक चप्पल उचलायची, तिची जोडीदार शोधायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या. डावी-उजवी उलटी पडली तर थांबायचं, बघायचं, बदलायची. सगळ्या जोड्या लागल्यावर त्यानं त्या भिंतीकडेनं मांडल्या. ताईंची मोठी चप्पल पहिली, मग उतरत उतरत शेवटी सगळ्यांत छोटा, अंगठा तुटलेला सँडल. आणि प्रत्येक जोडीवर बोट ठेवून पुटपुटत होता, "ये अम्मी छोड को गई उसका, ये गुड्डी का." कुणाची चप्पल कुठली, सगळं पाठ!

आता सांगा, याचं लक्ष लागत नव्हतं? जोड्या लावणं झालं, लहान-मोठा क्रम झाला, डावं-उजवं झालं. अंकगणिताचा पाया पोरगं उन्हात बसून एकटं घालत होतं आणि आपण त्याला दंडाला धरून आत आणत होतो, कशासाठी, तर फळ्यावरचा 'एक' गिरवायला. त्या ताईनं दुसऱ्या दिवशी बाटल्या आणि त्यांची झाकणं वेगवेगळी करून टोपलीत ठेवली. टोपली वर्गात, फळ्याजवळ. तो आपण होऊन आत आला.

ही नवी गोष्ट नाही. 1907 साली रोममध्ये, सॅन लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं. त्या पेशानं डॉक्टर. तिथे एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवत होती. सगळे बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. चाळीसहून जास्त वेळा! आजूबाजूला गाणी झाली, मुलं नाचली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली तरी तिचं काम चालूच. माँटेसरींनी तिला थांबवलं नाही, त्या मोजत राहिल्या. पुढची त्यांची सगळी पद्धत अशा बघण्यातून उभी राहिली.

आपल्याकडचे बघा. गिजुभाई बधेका वकिली करत होते. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसं वाढवायचं या विचारानं वाचायला लागले आणि 1920 मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या. केवढं मानाचं पद! तेही सोडून त्या गिजुभाईंकडे भावनगरला गेल्या. घरात लहान मुलगी होती, तिच्या शिक्षणाचा प्रश्न होता. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. आणि अनुताई वाघ? लहानपणीच वैधव्य आलेलं, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका. खेड्यात काम करायचं म्हणून 1945 मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिराला गेल्या. तिथे ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. एक वकील, एक प्राचार्या, एक माध्यमिक शाळेतल्या बाई. प्रत्येकाचं निमित्त वेगळं.

ताराबाई-अनुताईंनी बोर्डीला शाळा काढली आणि वस्तीतली लेकरं येईनात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोण येणार? तेव्हा या बायांनी घरोघरी बोलावणी करत बसण्यापेक्षा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा, ती कुरणशाळा. लेकरू दिवसभर असतं कुठे, करतं काय, हे आधी पाहिलं म्हणून हे सुचलं. 1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ताराबाई ते पाहायला नव्हत्या, त्या 1973 मध्ये गेल्या.

माझ्या शिबिरातल्या मुलींना मी हे दह्याच्या हिशेबात समजावते. आवड म्हणजे दूध. दूध घरोघरी असतं. नुसतं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी नासतं. त्याला विरजण लागतं, आणि ते चमचाभरच पुरतं. बघण्याची ओढ हे विरजण. तुमच्याकडे नसलं तर शेजारणीकडून मागून आणा. मागायला लाज कसली? जुन्या ताईजवळ आठवडाभर बसा, ती काय बघते ते बघा. उकळत्या दुधाला विरजण लावलं तर फुकट जातं, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या लेकरांचं सगळं समजून घ्यायचा सपाटा लावू नका. एक लेकरू धरा. विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवायचं नाही, पाणी सुटतं. लेकरू कामात असलं की "वा, छान!" म्हणूनसुद्धा मध्ये जाऊ नका. आणि थंडीत आपण पातेलं फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवतो की नाही? तशी ऊब ताईलाही हवी. वेळेवर मानधन, बरी खोली, रजिस्टरं भरण्याचं ओझं कमी. एकीकडे पोषण आहाराचा हिशेब, दुसरीकडे मोबाइलवर माहिती भरणं. तिनं लेकराकडे बघायचं केव्हा? साहेब लोक ऐकत असतील तर हे जरूर ऐका. आणखी एक, आजच्या दह्यातलं वाटीभर उद्यासाठी काढून ठेवतो ना? तशी वही ठेवा. आज एका लेकराचं जे दिसलं ते दोन ओळींत लिहा. चांगलं-वाईट लिहू नका. 'चपला लावल्या, मोठ्यापासून छोट्यापर्यंत.' बस्स. उद्याचं दही त्यावर लागतं.

आता पालकांचं. "बाई, लेकराला अजून एबीसीडी येत नाही," म्हणत येतात. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून अक्षरं काढायचं बळ आलेलं नसतं हो! नव्या राष्ट्रीय धोरणातही, 2020 च्या, तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, खेळातून शिकण्याचा. पण गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीत शेजारणीची नात पानं भरून लिहिते, त्याचं काय करायचं, हा खरा... यावर वेगळं भाषण लागेल. समोरून मला बोट दाखवत आहेत, दोन मिनिटं उरली.

तर या वर्षी ज्या मुली अर्ज भरणार आहेत, त्यांना सांगते. आईनं सांगितलं म्हणून या, मानधनासाठी या, नवऱ्याची नोकरी सुटली म्हणून या, लेकरं आवडतात म्हणून या. निमित्त काहीही चालेल. आल्यावर मात्र पहिले आठ दिवस खडू हातात घेऊ नका. दाराशी बसा, चपला निघतात तिथे. कोण आईचा पदर सोडत नाही, कोण डबा आधी उघडतं, कोण दुसऱ्याचं नाक पुसतं. शिबिरात मला हेच येऊन सांगा. 'माझी लेकरं गोड आहेत' हे सांगू नका, ते मला माहीत आहे. काय पाहिलंत ते सांगा.

पुरुषांनीही या कामात यावं, यावर मला बोलायचं होतं. गिजुभाईंना गुजरातेत 'मिशाळ आई' म्हणत आणि आपल्याकडे मात्र बालवाडीत पुरुष दिसला की लोक... पण वेळ संपली. पुढच्या खेपेला बोलावलंत तर तिथूनच सुरुवात करीन.