धक्का न लावता मोजणे



सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं, “तू नेमकं करतेस काय?” मी यंत्रांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. ते अडलं की ऑसिलोस्कोप काढायचा आणि त्याची प्रोब सर्किटला टेकवून सिग्नल बघायचा.

व्होल्टमीटर समांतर जोडायचा आणि त्याचा रोध खूप जास्त हवा, हे आपण शाळेत पाठ केलं होतं. एका गुणाचं ते कारण माझ्या रोजच्या कामाचं निघालं. ५ व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रोध एकसर जोडा. मध्यावर २.५ व्होल्ट असतात. १ एक्स प्रोब लावली की स्कोपचा १ मेगाओहम खालच्या रोधाला समांतर होतो आणि पडद्यावर १.६७ दिसतात. स्कोप खोटं बोलत नाही. आपण टेकल्यावर तिथे खरंच तेवढे उरतात. १० एक्स प्रोबमध्ये ९ मेगाओहम जास्तीचे असतात. तिने २.३८ दिसतात. सिग्नल दहापट लहान मिळतो, पण सर्किटला भार कमी.

तरी प्रोबची थोडी धारकता उरतेच. १२ पिकोफॅरड म्हणजे किरकोळ. पण १०० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम १३० ओहम! मग ते १० मेगाओहम कागदावरच.

आमच्याकडे औषध ठरावीक वेगाने देणाऱ्या पंपाचा एक बोर्ड होता. मधूनच बंद पडायचा. क्लॉकच्या सिग्नलला प्रोब लावली, की मात्र तासन्‌तास चालायचा. कोणी म्हणालं, “प्रोबसकटच विकू या!” पण पुढे पेशंट होता, ‘आता चालतंय ना’ म्हणून सोडता येत नव्हतं. प्रोबच्या धारकतेने सिग्नलची तीक्ष्ण कड बोथट होत होती, आणि घोळ त्या कडेतच होता. क्लॉक जिथून निघतो तिथे ३३ ओहमचा रोध बसवला, प्रोब काढली. बोर्ड चालू राहिला.

म्हणून कुठलाही आकडा समोर आला की मी आधी विचारते, मोजणाऱ्यामुळे यात काय बदललं?

शाळा तपासणीला साहेब आले की आपला वर्ग कसा चिडीचूप व्हायचा, आठवतं? साहेबांना दिसायचा तो साहेब आत असतानाचा वर्ग. आपल्या बाई मात्र दाराबाहेर थांबून ऐकायच्या. ऐकू कमी यायचं, पण खरं यायचं. बाई, तुम्ही आमची १० एक्स प्रोब होतात!