आंकडा कीं अक्षर?

डहाणू तालुक्यांत चिकूच्या बागा विपुल आहेत. तेथील घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. अशाच एखाद्या बागाइतदाराच्या मुलानें पेट्यांच्या हिशेबासाठीं संगणकावर एक अर्ज रचला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. अर्जांत दोन चौकटी: एक सकाळच्या पेट्यांची, दुसरी संध्याकाळच्या. वडील पहिलींत इंग्रजी अंकांनीं १२ लिहितात, दुसरींत ८. बेरीज यावयाची २०. पडद्यावर मात्र उमटतात १२८ पेट्या! व्यापाऱ्यास तेवढ्या पेट्यांचा शब्द गेला, तर तो पुरा कोणी करावा?

यंत्र येथें खोटें बोललें नाहीं. चौकटीचें जें 'व्हॅल्यू' हातीं येतें, तें नेहमीं अक्षरांची माळ असतें, मग आंत आंकडा कां लिहिलेला असेना. माळेला माळ जोडली कीं ती लांब होते. बेरीज होत नाहीं. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचलेली जावास्क्रिप्ट असल्या गफलतीकडे डोळेझांक करिते. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेली टाइपस्क्रिप्ट ही तिचीच कडक शिस्तीची बहीण. बेरीज हा आंकडा आहे असें तिला आधीं बजावून ठेवलें, तर त्या जागीं ती माळ ठेवूं देत नाहीं.

चौकटींतील मजकूर बदलून लिहिणारा बाहेर पडला, कीं ब्राउझर 'चेंज' ही वर्दी धाडतो. 'इनपुट' ही वर्दी अक्षरागणिक येते. वर्दी कोठून आली हें तिच्यांतील 'टार्गेट' सांगतें. पण टाइपस्क्रिप्टला एवढेंच ठाऊक, कीं तें वर्द्यांचें कांहींतरी उगमस्थान आहे, कदाचित् नसेलहि. त्याला 'व्हॅल्यू' असेल हें ती मानीत नाहीं. मग घाईचा कारागीर 'ॲज' हा शब्द लिहून ही लिहिण्याचीच चौकट आहे अशी ग्वाही देतो, आणि ती गप्प बसते. ही ग्वाही प्रोग्राम चालतांना कोणीच तपाशीत नाहीं, कारण टाइपांच्या खुणा त्यापूर्वींच पुसून गेलेल्या असतात. 'इन्स्टन्सऑफ' लावून प्रत्यक्ष चालतांना विचारणें हें शहाणपणाचें.

चौकट वेब कॉम्पोनंटच्या बंदिस्त अंगणांत, म्हणजे शॅडो डॉममध्यें असली, तर आणखी एक पेंच. 'इनपुट' कुंपण ओलांडतें, 'चेंज' ओलांडीत नाहीं. म्हणून त्या घटकानें स्वतःची वर्दी तयार करून तींत आंकडा घालावा आणि ती बाहेर धाडावी.

आतां वडिलांनीं मराठी कळफलकावर १२ लिहिले तर? ती माळ आंकड्यांत बदलण्यासाठीं 'नंबर'च्या स्वाधीन केली, कीं उत्तर येतें 'नॅन', म्हणजे हा आंकडाच नव्हे. मौज अशी, कीं टाइपस्क्रिप्टच्या लेखीं हें 'नॅन'हि आंकड्यांच्याच जातीचें. ती हूं कीं चूं करीत नाहीं. मराठी अंकांचे इंग्रजी अंक करून घेण्याचें काम मुलालाच करावें लागेल, आणि तेंहि वर्दी अंगणाबाहेर पडण्यापूर्वीं.