झाडाची साल ते सलाईन

फौजेतून निवृत्त होऊन मी नोएडात राहतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग निघाला. केमो सुरू होणार, तोच सोसायटीतले एक शेजारी मोबाइल घेऊन आले. "कर्नलसाहेब, वाचा! या पाल्याच्या अर्कानं प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या. केमो कशाला?"

खरं सांगतो, आम्ही डगमगलो. ही म्हणाली, "अहो, महिनाभर थांबून बघू या का?"

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागदावर चित्रच काढलं. प्लास्टिकच्या एका तबकडीत ९६ छोटे खळगे असतात. त्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवून अर्काची चढती मात्रा घालतात. दोन-तीन दिवसांनी एक पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. रंग फिका, म्हणजे पेशी मेल्या. "पण त्यात फिनेल ओतलं तरी पेशी मरतीलच," डॉक्टर म्हणाले. निरोगी पेशी वाचतात का? पोटात घेतलेला अर्क रक्तात किती उतरतो? यकृत ते सोसतं का? खरी परीक्षा तिथून सुरू होते. आमच्या भाषेत सांगायचं तर, फायरिंग रेंजवरचं टार्गेट उलट गोळी झाडत नाही.

मग त्यांनी मनसुख वाणींची गोष्ट सांगितली. जन्म १९२५, आपल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले. तिथं मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. ते १९६६ साली जाहीर झालं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही हेच द्रव्य आहे. पेशींवर जालीम, पण माणसांवरच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात बदल करून केलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. तीस वर्षं!

याच जोडीनं यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं. साल गोळा केली १९६२ मध्ये, रेणूची रचना कळली १९७१ मध्ये, मान्यता मिळाली १९९२ मध्ये.

"आणि तेच टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, आम्ही वहिनींना देणार आहोत," डॉक्टर म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. वनस्पतीचंच औषध होतं, फक्त सगळ्या परीक्षा पास झालेलं! आम्ही थांबलो नाही. आज ही स्वयंपाकघरातून ओरडतेय की भाषण आवरा.

मंडळी, वनौषधींवर माझा राग नाही. पण असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तबकडीनंतर पुढं काय झालं? आणि केमो चालू असताना कुठलाही काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

जय हिंद.