खानखोजे यांचा अभ्यासप्रवास आणि आपला मका

(जामनेर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कृषी महाविद्यालयात शिकणारा मुलगा स्वतःहून बाहेरच्या देशांतली शेती पाहायला जातो म्हणाला, की घरून पहिला प्रश्न येतो, "त्याचे मार्क किती?" मार्क नाहीत. तरी जाऊ द्यावे. फक्त कुठे जायचे ते पाहावे. इस्राईल-हॉलंडच्या सहली पुष्कळ निघतात. पण ज्यांची शेती आपल्यासारखीच कोरडवाहू आणि तुकड्यांची, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत गेले. मिळेल ते काम करून ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीत पडल्याने मायदेशाची वाट बंद झाली. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले आणि १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत त्यांनी शिकविले, गहू व मक्यावर संशोधन केले, खेडुतांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले व १९६७ साली नागपुरात वारले. एवढा माणूस, पण आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना क्वचितच जागा मिळते.

मेक्सिको हे मक्याचे माहेर. तेओसिंते या रानगवतापासून सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तेथे मका तयार झाला. तेथील लहान शेतकरी मका, घेवडा व भोपळा एकाच रानात लावत आला आहे. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, त्याच्या मुळांवरील गाठी नत्र धरतात, भोपळ्याची पाने जमीन झाकून तण दाबतात. आपल्या ज्वारीत तूर-मूग टाकण्याची तऱ्हा हीच. सलग कपाशी-मक्यापुढे ती मागे पडली. मका तेथे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्यामुळे त्यातील नियासिन अंगी लागते. आपण कळण्याच्या भाकरीत ज्वारीला उडदाची जोड देतो, तेही असेच शहाणपण.

अशा प्रवासातून वहीभर नोंदी आणाव्यात. जमीन केवढी खोल, निंदणी कोण करतो, माल कोण घेतो, हे विचारावे. बियाणे मात्र खिशात घालून आणू नये. परवाना व तपासणीशिवाय ते आणण्यास बंदी आहे. कारण उघड आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली प्रथम आढळली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात ४ ठिपके, ही तिची खूण. गाजरगवतही मूळचे त्याच खंडातले. त्याच्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा मात्र शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात रीतसर चाचण्या करून आणला. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर तिथले भुंगे भोके पाडलेल्या डब्यात गोळा करून आपल्या पडीक जागेतील गाजरगवतावर सोडावेत, आणि तिथे तणनाशक मारू नये.