एकेक डोळा झाकून बघा



नांदगाव पेठ आणि आसपासच्या खेड्यांतून डोळे दाखवायला येणारी साठीपुढची माणसं बहुधा निदान स्वतःच सांगतात, "मोतीबिंदू हाय साहेब, पिकला का तेवढं पाहा." १९७६पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे. गावोगावी शिबिरं झाली, मोतीबिंदू घरोघरी ठाऊक झाला, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक समजही रुजला, की म्हातारपणी दिसेनासं झालं म्हणजे मोतीबिंदूच, आणि तो पिकेपर्यंत थांबायचं. या थांबण्यात काहींची नजर कायमची जाते, कारण त्यांना झालेला आजार वेगळाच असतो.

त्या आजाराला वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मधोमधचा छोटासा भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, चेहरा ओळखणं ही बारीक नजरेची सगळी कामं त्याच्यावर. तो झिजला की जिकडे पाहावं तिथेच मधोमध डाग येतो, कडेचं मात्र दिसत राहतं. म्हणून आजी अंगणात न अडखळता फिरते आणि दारात आलेल्या जावयाला ओळखत नाही. घरचे म्हणतात, मुद्दाम करते. कृपा करून असं म्हणू नका.

याचे दोन प्रकार. कोरडा प्रकार वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, झिरपतात, आणि काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे महिनोन्‌महिने काही कळत नाही. म्हणून एकेक डोळा झाकून बघायचं. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञांचा चौकटींचा तक्ता यासाठी जगभर वापरतात. तो नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन घ्या. वाचायचा चष्मा लावा, कॅलेंडर पुस्तकाइतक्या अंतरावर धरा, एक डोळा तळहाताने झाका आणि मधल्या एकाच तारखेकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने तसंच करा. सरळ रेघा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मधले चौकोन पुसल्यासारखे वाटले, तर त्याच आठवड्यात अमरावती गाठा. पेरणी झाल्यावर, कापूस वेचून झाल्यावर, असं करू नका. ग्रामगीता वाचताना ओळ मधूनच तुटते, ही तक्रारही याच जातीची.

तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासतात. काही तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत कोणी तरी न्या, गाडी स्वतः चालवू नका. गरज पडल्यास ओसीटी नावाची तपासणी करतात, ती दुखत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तरी डॉक्टरांना जरूर विचारा, "पडदा पाहिला का?"

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच माणसं घाबरतात, ते मी समजू शकतो. पण आधी डोळा बधिर करतात आणि काम क्षणात होतं. बहुधा सुरुवातीला दर महिन्याला एक, अशी तीन, मग तपासून पुढची. खर्चाची चिंता असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगावरचं औषध बरंच स्वस्त पडतं, आणि २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लाली वाढत गेली, नजर कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता परत जा.

कोरड्या प्रकारात मध्यम टप्प्यावर ठरावीक प्रमाणात जीवनसत्त्वं, जस्त आणि ल्युटीन असलेल्या गोळ्या झीज पुढे जाण्याचा वेग कमी करतात. गेलेली नजर त्या परत आणत नाहीत. बीटा कॅरोटीन असलेल्या गोळ्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी घेऊ नयेत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि खरं तर बिडीच सोडा. आपल्या हातात असलेलं या आजाराचं सर्वांत मोठं कारण तेच. ताटात पालक, मेथी, शेवग्याचा पाला असू द्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागात दोन हजारांहून अधिक लोकांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा रोज संत्रं खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळला. तेवढ्याने संत्रं औषध ठरत नाही, पण मोर्शी-वरुडच्या संत्राबागांशेजारी राहून ते खायला हरकत कसली?

आणखी एक गोष्ट, जी रुग्ण कोणालाच सांगत नाहीत. नजर गेलेल्या काहींना नसलेली माणसं, फुलं, नक्ष्या दिसतात. हे वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. डोळ्याकडून खबर येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. शार्ल बोने या अभ्यासकांनी १७६० साली स्वतःच्या आजोबांबाबत हेच नोंदवलं होतं. तुमच्या घरातल्या आजोबांनी असं काही सांगितलं तर त्यांना भगताकडे नेऊ नका. शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

नजर परत येणार नसेल तरी घरात पुष्कळ करता येतं. वाचायच्या जागी खांद्यामागून उजेड येईल असा दिवा लावा, भिंग आणा. पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढा. खोलीत शिरताना आपलं नाव सांगा. थोडं बाजूला पाहून कडेच्या नजरेने वाचण्याचा सरावही शिकवतात, त्याची चौकशी करा. हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा आई-वडिलांना तपासायला न्याल त्या दिवशी, पन्नाशी उलटली असेल तर, स्वतःच्याही डोळ्यांत थेंब घालून घ्या.