पोषणाचा पाठ : महाविद्यालयातून प्राथमिक शाळेकडे

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात स्वयंसेवक विद्यार्थी, प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. रस्ते, बंधारे, वृक्षारोपण अशा श्रमदानाच्या कामांतून या योजनेची गावाला ओळख झाली. आज आपणापुढे जे काम ठेवीत आहे, त्याला कुदळ-फावडे लागत नाही. धीर मात्र अधिक लागतो. ते काम म्हणजे प्राथमिक शाळेतील मुलांना आहाराचे शिक्षण देणे.

या कामाची निकड आकड्यांवरून ध्यानात येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. दुपारी पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. त्याच्या रक्तात लोह कमी असेल, हा विचार सहसा मनात येत नाही.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. २०२१ मध्ये तिला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण हे नाव मिळाले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. परंतु ही मुलाच्या दिवसभराच्या गरजेची सुमारे एक तृतीयांश पूर्ती होय. उरलेला आहार घरी व्हावयाचा असतो, आणि तेथेच आपल्या कामाला वाव आहे.

शिकवावयाचे काय? पुस्तकातील तक्ता नव्हे, तर गावातले धान्य व भाजी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. बाजरीत लोह आहे. शेवग्याचा पाला अनेक ठिकाणी शेळ्यांपुढे टाकला जातो, तो भाजीसाठी उत्तम. उसळीवर लिंबू पिळले म्हणजे धान्य-कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्यात अडथळा येतो. ‘भाकरी आणि चहा’ ही न्याहारी ज्या घरांत रूढ आहे, तेथे एवढी एक गोष्ट मुलांकरवी पोहोचली तरी पुष्कळ झाले. साबणाने हात धुणे आणि जंतनाशक गोळी न चुकविणे, हेही याच पाठात यावे. कारण पोटातील जंत खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत.

शिकवावे कसे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. वर्गात उभे राहून ‘आज सकाळी काय खाल्ले?’ असे कोणालाही विचारू नये. एखादे मूल उपाशीपोटी आलेले असते. त्याला चारचौघांत तसे सांगावयास लावणे ही सेवा नव्हे. सफरचंद-बदामांची चित्रे दाखवून मजुराच्या मुलाला त्याच्या घरची उणीव शिकवू नये. त्याऐवजी मुलांनाच परसातील एकेक पाला आणावयास सांगावे, त्याचे नाव आजीला विचारून येण्यास सांगावे. शाळेजवळच्या दुकानात पाच रुपयांचे खारट पुडके मिळते; त्याच पैशांत शेंगदाणे व गूळ किती येईल, हा हिशेब गणिताच्या तासालाही घेता येतो. जिथे घरी धान्यच अपुरे आहे, तिथे उपदेश थांबवून ती गोष्ट मुख्याध्यापकांच्या व ग्रामपंचायतीच्या कानावर घालावी. शिक्षणाने जाण येते. रिकामा डबा भरत नाही, याचे भान स्वयंसेवकाने सोडू नये.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोषण सप्ताह येतो, प्रभातफेरी निघते, घोषणा होतात. एवढ्यावर थांबू नये. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा करावी, अशी अपेक्षा असते. आठवड्यातून अर्धा तास, असे २४ आठवडे दिले तर अवघे १२ तास होतात. एका दिवसाच्या समारंभापेक्षा हे १२ तास अधिक फळ देतील.

स्वयंसेवक आज ना उद्या परीक्षेला जाणार, पदवी घेऊन बाहेर पडणार. म्हणून शिक्षकांनी प्रत्येक पाठाच्या वेळी वर्गात थांबावे व पुढे तो आपल्या अध्यापनात सामावून घ्यावा. पंचायत सदस्यांनी हात धुण्यासाठी नळ व परसबागेसाठी पाणी एवढे निश्चित द्यावे. नळ नसलेल्या शाळेत हात धुण्याचा पाठ व्यर्थ होय. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनाही पाठाला बोलवावे, त्यांचा अनुभव मोठा असतो.

कामाचे यश अहवालातील छायाचित्रांवरून मोजू नये. ताटात टाकून दिलेली पालेभाजी कमी झाली का, मुलांनी घरी लिंबू मागितले का, वर्षअखेर वजन-उंचीच्या नोंदी काय सांगतात, हे पाहावे. त्या नोंदी शिक्षक, पंचायत व महाविद्यालय यांनी एकत्र बसून वाचाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.